कळलं नाही तर बंद

एसीच्या रिमोटइतका आडमुठा प्राणी जगात दुसरा नाही. तो नुसता बोलतो, ऐकत काहीच नाही. तुम्ही बटन दाबलं की त्याच्या तोंडावरचा बारका दिवा न दिसणाऱ्या उजेडात लुकलुकतो, भिंतीवरच्या मशिनीचा डोळा ते टिपतो, आणि विषय संपला. मशीन उलट काही कळवत नाही. तिनं ऐकलं का, तिला समजलं का, ती चालू तरी झाली का, रिमोटला काही पत्ता नसतो. तरी बेटा आपल्या पडद्यावर ठोकून '२४' दाखवत असतो. असे साहेबलोक मी पुष्कळ पाहिले, म्हणून मला त्याचं नवल नाही.

मी देविदास निखाडे. चंद्रपुरात माझं एसी दुरुस्तीचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. आता २०४२ साल सुरू आहे आणि जे झालं ते याच मे महिन्यातलं आहे. पेपरात आलं ते अर्धं आलं. उरलेलं मी सांगतो.

आधी ती लुकलुक समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. रिमोटचा दिवा सेकंदाला अडतीस हजार वेळा थरथरतो. थोडा वेळ थरथरला, थोडा वेळ थांबला. थांबणं लहान असलं की शून्य, मोठं असलं की एक. अशा शून्य-एकांची माळ म्हणजे एक हुकूम. टीव्हीचा हुकूम छोटा असतो, 'आवाज वाढव', बस. एसीचा रिमोट मात्र दरवेळी पूर्ण पत्र पाठवतो: चालू राहा, थंडावा दे, चोवीस ठेव, पंखा मध्यम, पाती हलव. शेवटी सगळ्यांची बेरीज, म्हणजे वाटेत काही गळलं तर मशिनीला कळावं. आणि प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी. कोणी उजवीकडून लिहितो, कोणी डावीकडून. एका कंपनीचं पत्र दुसरीच्या लिपीत उतरवायचं म्हणजे मोडीतला कागद बालबोधीत उतरवण्यासारखं काम आहे. एक काना चुकला तरी अर्थ गेला.

हे काम मला चांगलं येतं. चांगलं म्हणजे फारच चांगलं. तिथंच घात झाला.

हिमशिखा नावाची एक कंपनी होती. तिच्या मशिनी आमच्या भागात घरोघर होत्या, कारण उन्हाळ्यात त्या दम सोडत नव्हत्या. आठ वर्षांपूर्वी कंपनी बुडाली आणि तिचे बोर्ड मिळेनासे झाले. बोर्ड म्हणजे मशिनीचा मेंदू. बाजारात कुठल्याही मशिनीत बसणारं चालू बोर्ड मिळायचं, त्याला आम्ही युनिव्हर्सल म्हणतो. पण त्याच्यासोबत त्याचा वेगळा रिमोट यायचा.

पहिलं तसं बोर्ड मी बसवलं ते उके मास्तरांकडे. मास्तरांनी मला सातवीपर्यंत गणित शिकवलं. शुगरनं त्यांची नजर गेली होती. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, रिमोटच्या चालू बटनावर एक टिकली चिकटवली होती आणि थंडाव्याच्या बटनावर दोन. मास्तर बोटांनी चाचपून एसी चालवायचे. मी नवा रिमोट हातात दिला तर म्हातारा चिडला.

"देविदास, मले हा नको. मले माझा पाहिजे."

"मास्तर, जुना याले चालत नाही."

"मंग तुले एवढं शिकवलं कायले बे?"

घरी आलो आणि तीन दिवस झोपलो नाही. नखाएवढी एक चकती तयार केली. ती मशिनीच्या डोळ्यामागं बसते. जुना रिमोट हिमशिखाच्या लिपीत बोलतो, चकती ते युनिव्हर्सल बोर्डाच्या लिपीत उतरवते आणि आत ढकलते. मी तिचं नाव 'दुभाष्या' ठेवलं. तो जुना रिमोट जे जे बोलू शकत होता ते सगळं मी बटनं दाबून दाबून टिपलं, चारशे ऐंशी हुकूम. प्रत्येकासमोर त्याचं भाषांतर.

आणि एक ओळ खाली जास्तीची लिहिली. चारशे ऐंशीत नसलेलं काही आलं तर काय करायचं? चुकीचं ऐकून मशीन भलतंच काही करत बसली तर कॉम्प्रेसर जळतो. म्हणून लिहिलं, कळलं नाही तर बंद. कुठलाही शहाणा मेकॅनिक हेच लिहील. आजही मला ती ओळ चुकीची वाटत नाही, आणि त्याच ओळीनं सहा माणसं मारली.

मास्तरांनी टिकली चाचपली, गार हवा आली, म्हातारा हसला. "ओरिजनल बोर्ड हाय नं रे?"

"एकदम ओरिजनल, मास्तर."

जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. आमच्या धंद्यात एक रीत आहे, गिऱ्हाईकाच्या हातात रिमोट जुना राहिला की त्याच्यासाठी बोर्डही जुनंच. विचारलं तर कोणीही मेकॅनिक 'ओरिजनल' म्हणतो, जसा दूधवाला 'पाणी नाही' म्हणतो. पैसेही मी ओरिजनलचेच घेतले. मास्तरांचा धरून असे एकोणसत्तर दुभाष्ये बसवले. एकही परत आला नाही. 'निखाड्यानं हात लावला की मशीन मरत नाही,' असं लोक म्हणायचे, आणि मी ऐकून फुगायचो.

माझी मुलगी आचल. तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दुकानात रिमोट खोलून खेळत मोठी झाली, इंजिनियर झाली, वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात लागली. मागच्या वर्षी दुपारी वीज पुरेना म्हणून मोहल्लेच्या मोहल्ले दोन-दोन तास बंद ठेवले होते, त्यात माणसं गेली. त्यावर या पोरीनं तोड काढली. कोणाचीच वीज तोडायची नाही. प्रत्येक घरात एसीसमोर काड्यापेटीएवढी डबी लावायची. तीन ते पाच या वेळात कक्षातून इशारा आला की डबीनं त्या त्या मशिनीच्या लिपीत हुकूम सोडायचा, 'अर्ध्या जोरावर चाल.' खोली बर्फ होणार नाही, पण माणूस जगेल. आणि एसी उलट बोलत नाही, त्यामुळे हुकूम पोचला की नाही कळायला मार्ग नाही, म्हणून डबी दर दहा मिनिटांनी तोच हुकूम पुन्हा सोडणार.

अडचण लिप्यांची होती. दोनशेच्या वर कंपन्या, निम्म्या बुडालेल्या. आचल रविवारी दुकानात येऊन बसायची. मी रिमोट काढून द्यायचो, ती टिपायची. बापलेकीचे इतके चांगले दिवस मी आधी पाहिले नव्हते.

"बाबा, तुमच्या डोक्यात अख्खी कंपनी हाये नं," ती म्हणायची.

"मंग! तुझ्या साहेबाले सांग, पगार मले दे म्हणा."

एका रविवारी तिनं हिमशिखाचं पान उघडलं. अर्ध्या जोराचा हुकूम तिला कंपनीच्या जुन्या पुस्तकात सापडला होता. रिमोटवर त्याचं बटनच नव्हतं. तिनं दुकानातल्या मशिनीवर तो सोडून पाहिला. ती मशीन खरोखरची ओरिजनल होती. गपकन आवाज उतरला, अर्ध्या जोरावर चालू लागली. आचलनं टाळी वाजवली. मग मला सरळ विचारलं, "गावातल्या हिमशिखात बोर्ड हेच हाये नं? कोणी बदललं तर नाही? तुमच्याच हाताखालून गेल्या सगळ्या."

माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्याच आठवड्यात तिनं साहेबाला माझी ओळख करून देताना म्हटलं होतं, माझे बाबा असं तसं काम करत नाहीत. मी म्हटलं, "हेच हाये."

"नक्की?"

"अवं हो नं, माय."

तिनं त्या पानावर सही केली. मी मनाशी म्हटलं, झाकली मूठ. दुभाष्या सगळं समजतोच. हा हुकूम चारशे ऐंशीतला नाही, हे मला त्या क्षणी सुचायला पाहिजे होतं. नाही सुचलं. की सुचलं आणि मी तिकडं पाहिलं नाही, हे मला आता सांगता येत नाही.

एकवीस मेला सत्तेचाळीस डिग्री होती. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता, त्यामुळं हवा चिकट. कोरड्या उन्हात आम्ही चंद्रपूरवाले पन्नास डिग्रीतही लग्नं लावतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. सावलीत बसून, पाणी पिऊनही माणूस आतून शिजतो. त्या दिवशी तीन वाजता पहिल्यांदा डब्यांना इशारा जाणार होता.

तीन वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला. "निखाडेभाऊ, एसी आपोआप बंद पडला." मी म्हटलं, लावा परत. तीन आठला दुसरा फोन. तीन बाराला तिसरा, "लावला होता, तीन मिनिटांनी गार हवा येऊ लागली, आणि पुन्हा गेला बंद." तिघांची नावं मी मनात ताडून पाहिली. तिघांकडे दुभाष्या.

तेव्हा उमगलं. डबी म्हणते, अर्ध्या जोरावर चाल. दुभाष्याला हे पत्र वाचता येत नाही. खालची ओळ. बंद. आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा बंद.

तेव्हा एकच फोन करायचा होता. आचलला. हिमशिखाचं पान कक्षातून काढलं असतं की डब्या गप्प झाल्या असत्या. नंबर उघडला. तिला काय सांगू? तू विचारलं होतं आणि मी तोंडावर खोटं बोललो? तिची सही आहे त्या पानावर, तिच्या नोकरीवर येईल, असं मी स्वतःला सांगितलं. साफ खोटं. मी माझ्यासाठी थांबलो. मला वाटलं, एकोणसत्तर तर घरं आहेत, गुपचूप निपटवू. नाकापेक्षा मोती जड झाला होता आणि मला नाक वाचवायचं नव्हतं, मोती वाचवायचा होता.

यादी घेतली आणि एकेकाला फोन लावत सुटलो. "डबीच्या डोळ्यावर चिकटपट्टी मारा. कागद लावा. काहीही लावा. मग एसी चालू करा." ज्यांनी उचलला त्यांनी ऐकलं. कोणी विचारलं काऊन, तर म्हटलं कंपनीच्या डबीत बिघाड आहे. पाहा, त्यातही दुसऱ्यावर ढकललं! पण दुपारची वेळ. म्हातारी माणसं झोपलेली, फोन दुसऱ्या खोलीत. तीन एकवीसला मास्तरांचा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावू म्हणून पुढच्या नावावर गेलो.

बेचाळीस घरं झाली तेव्हा पावणेचार वाजले होते. मास्तरांनी दोनदा उचलला नव्हता. स्कूटर काढली. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वाटेत अजून चार फोन केले, एका हातानं.

बाईंनी दार उघडलं. लुगडं अंगाला चिकटलेलं, तोंड लालबुंद. "आला का रे! म्हटलं होतं मी यांना, देविदास येईल."

आतली खोली भट्टीसारखी होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसीसाठी म्हणून. मास्तर पलंगावर होते. रिमोट हातात, अंगठा टिकलीवर. पडद्यावर '२४', म्हणजे रिमोटच्या लेखी मशीन चालूच; टिकली दाबली की तो आधी बंदचाच हुकूम सोडणार. अंगाला हात लावला तर चटका बसला, आणि घामाचा थेंब नाही. घाम थांबला म्हणजे काय ते आमच्या गावात पोरालाही कळतं. मी डबी भिंतीवरून उपटली, बादली ओतली, गाडी बोलावली. मास्तर, मास्तर म्हणून ओरडलो. त्यांनी एकदा श्वास घेतला, मग घेतला नाही.

बाई म्हणत होत्या, "साडेतीनपर्यंत बोलत होते रे. शेजारच्या कोरांगेंकडे चला म्हटलं, त्यांचा चालू होता. तर म्हणाले, कायले? देविदासनं बसवलेली मशीन आहे, बिघडत नाही. लाईट कमी असेल, होईल आता."

मी तिथंच भिंतीशी बसलो आणि आचलला फोन लावला. चार वाजून पाच मिनिटं.

"हिमशिखाचा हुकूम थांबव."

"काऊन? काय झालं?"

"थांबव आधी."

"बाबा, कारण लिहा लागते मले."

"एकोणसत्तर मशिनीत बोर्ड माझं आहे. ओरिजनल नाही. तुझ्या हुकमानं बंद पडून राहिल्या. माणसं मरून राहिली, आचल."

पलीकडून फक्त की-बोर्डचा आवाज. मग, "थांबवलं." चार नऊ. चार मिनिटं लागली तिला. बस, चार मिनिटं.

तिच्या कक्षात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. हिमशिखाच्या घरांचा भार अपेक्षेपेक्षा जास्त उतरला होता. साहेबानं सगळ्यांसमोर तिचं अभिनंदन केलं होतं. पडद्यावर त्या घरांपुढं हिरवी अक्षरं होती, 'अर्धा जोर, चालू.' डबीनं हुकूम सोडला एवढंच त्या पडद्याला माहीत होतं.

सहा जण गेले. मास्तर धरून. सहाही साठीच्या पुढचे, सहाही माझे गिऱ्हाईक.

चौथ्या दिवशी चौकशीला बोलावलं. वीज कंपनीच्या कचेरीत एका खोलीत बसवलं. नात्यातल्याचं बयान नात्यातल्यानं घ्यायचं नसतं, पण फॉर्म घेऊन आचल स्वतः आली. चार दिवसांत ती घरी फक्त कपडे बदलायला आली होती. माझ्याशी बोलली नव्हती. डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले. माझ्यासमोर बसली. फॉर्मवर माझं नाव, धंदा तिनं आधीच लिहिलं होतं. 'संबंधित कर्मचाऱ्याशी नातं' या रकान्यात तिच्या अक्षरात 'वडील' होतं. पुढे एक ओळ कोरी होती, 'बिघाडाचं कारण केव्हा लक्षात आलं.'

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली.

मी पेन घेतलं. तिच्याकडं पाहिलं. ती खिडकीकडं पाहत होती. मला वाटलं, चार पाचला मी फोन केला, तेव्हाच कळलं असं लिहिलं तर निदान उशीर माझ्या माथी येणार नाही. बोर्डाचं तर कबूल केलंच होतं. आता एवढं कशाला? मी लिहिलं, चार वाजून पाच मिनिटं. दुपारी. खाली सही केली.

तिनं कागद आपल्याकडं ओढला. वाचला. पुन्हा वाचला. मग फाईलमधून दुसरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. बाईंचं बयान होतं. सातव्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. 'तीन वाजून एकवीस मिनिटांनी देविदासचा फोन वाजत होता. मी यांना पाणी पाजत होते, उचलेपर्यंत कट झाला. म्हटलं तो पुन्हा करेल.'

"बेचाळीस जणांनी सांगितलं, बाबा," आचल म्हणाली. "प्रत्येकानं वेळ सांगितली. मले सगळं माहीत होतं."

"मंग विचारलं काऊन?"

तिनं बाईंचं बयान उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मला एकदम ती नऊ वर्षांची दिसली आणि मी रडलो. लाज वाटली नाही, रडलो. पेन उचललं, चार पाचवर रेघ मारली, वर लिहायला गेलो, तर तिनं हात धरला.

"खाडाखोड चालत नाही त्याच्यात. नवा फॉर्म आणते."

ती कागद घेऊन उठली. दार तिनं हळूच लावलं.

मी वाट पाहत बसलो. पंखा गरम हवा फिरवत होता. वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडलं, तर शिपाई होता. हातात कोरा फॉर्म.

"मॅडम?"

"गेल्या. बदलीचा अर्ज देऊन गेल्या साहेबांकडे. तुम्ही भरून ठेवा म्हणाल्या."

मी नाव लिहिलं. धंदा लिहिला. वेळेच्या ओळीत लिहिलं, तीन वाजून बारा मिनिटं. आधी फोन कोणाला केला, का केला, का नाही केला, सगळं लिहिलं, मागच्या बाजूला जागा पुरेना म्हणून उभं लिहिलं. सही केली. कागद त्याच्याकडं दिला.

त्यानं वरून खाली पाहिला आणि परत केला. "काका, हा रकाना राहिला. नात्याचा."

"मॅडमनं भरला नाही का?"

"त्या म्हणाल्या, ते तुम्हीच भरावं."

मी पेन टेकवलं. कसंतरी 'व' काढला, 'डी' वाकडी गेली. सुधारायला पुन्हा पेन टेकवलं तेव्हा शिपायानं कागदावर पंजा ठेवला.

"खोडू नका, काका," तो म्हणाला. "आता फॉर्म नाही दुसरा."